सफाईपट्टी भरतो, मग पुन्हा पैसे कशाचे?

गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या सोसायटीचा सर्वांत जास्त वेळ ज्या विषयाने घेतला, तो कार्यक्रमपत्रिकेवर नव्हताच. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च दहा मिनिटांत मंजूर झाला, रंगकामाची दरपत्रके पुढच्या बैठकीवर ढकलली गेली, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त सभासदांनी उभे राहून विचारले, की मिळकतकराच्या बिलात सफाईपट्टी आपण भरतोच, तर दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या बाईंना दरमहा वेगळे पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त होता. सचिव या नात्याने उत्तर देणे माझ्याकडे आले आणि मी म्हणालो, ‘सगळ्या पुण्यात असेच आहे.’ हे उत्तर नव्हे, हे मला बोलतानाच कळत होते.

त्यानंतरचे काही महिने मी या एका प्रश्नाच्या मागे लागलो. महापालिकेत नोकरीला असलेल्या मित्राशी बोललो, नियम वाचले, जुने अहवाल चाळले, आणि आमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंबरोबर तीन-चार सकाळी त्यांच्या फेरीवर गेलो. ‘शाश्वत शहर’ हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात असतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘लोकसहभाग’, ‘भागीदारी’ हेही येतात. भागीदारी म्हणजे नेमके कोणी काय द्यायचे, कोणी काय घ्यायचे आणि बिनसले तर कोणाच्या पदरात काय पडायचे, हे मला समजले ते पुण्याच्या कचऱ्यातून, म्हणून त्याविषयीच लिहितो आहे.

आधी कायद्याची बाजू, थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिकांचा कायदा. त्यात पालिकेची कामे दोन प्रकारची सांगितली आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. कचरा उचलणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे बंधनकारक कामांत येते. पालिका हे काम स्वतःच्या झाडूवाल्यांकडून करून घेऊ शकते, ठेकेदाराला देऊ शकते किंवा एखाद्या संस्थेशी करार करू शकते, परंतु शहरात कचरा साठला तर ‘ते आमचे काम नव्हते’ असे तिला म्हणता येत नाही. सभासदांच्या प्रश्नातला अर्धा भाग इथे बरोबर ठरतो. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत आहे. कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने तो वेगळा करून द्यावा आणि स्थानिक संस्थेने ठरवलेले सेवाशुल्क भरावे, असे त्या नियमांनी स्पष्ट सांगितले. शिवाय कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारीही त्याच नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. गंमत अशी, की देशाच्या नियमांत हे यायच्या आठ वर्षे आधी पुणे महापालिकेने ते करारावर लिहून दिले होते.

या कराराची गोष्ट नीट सांगायची तर १९७२ च्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते. त्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून, सोलापूरकडून, नगरकडून जी कुटुंबे पुण्यात आली, त्यांतल्या पुरुषांना हमाली, बिगारी अशी कामे मिळाली. बायकांतल्या अनेकींच्या हाती मात्र काहीच लागले नाही आणि त्या खांद्यावर पोते टाकून उकिरडे धुंडाळू लागल्या. त्यांतल्या बहुसंख्य दलित होत्या. त्या काळी पुण्यात चौकाचौकात कचराकुंड्या असत, आणि ओल्या खरकट्यात हात घालून त्यातले कागद, काच, पत्रा वेचून भंगाराच्या दुकानात विकणे हा त्यांचा दिवस असे. चोर म्हणून पोलिसांनी हटकणे, कुत्र्यांनी चावणे, भंगारवाल्याने वजनात मारणे, हे सगळे त्या दिवसाचाच भाग.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी या बायकांमध्ये काम सुरू केले. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला, पण शिकणाऱ्यांची मागणी वेगळी होती. उकिरड्यावर जाण्याआधीच चांगला माल हाती आला तर त्यांना हवा होता. म्हणून कोथरूड भागातल्या काही घरांना विनंती करून सुका कचरा वेगळा घ्यायला सुरुवात झाली. ते पाहून एका खासगी उद्योजकाने त्याच भागात गाडी लावून दारोदार कचरा उचलण्याची सेवा सुरू केली आणि या बायकांचा माल तोंडातून काढून घेतल्यासारखे झाले. त्यांनी विरोध केला आणि त्या विरोधातून एकत्र येण्याची गरज पुढे आली. १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. नावातल्या ‘पंचायत’ या शब्दाचे नाते हमाल पंचायतीशी आहे. त्या हमालांच्या संघटनेचे संस्थापक डॉ. बाबा आढाव यांचा आणि असंघटितांच्या चळवळीचा अनुभव या बायकांच्या पाठीशी होता.

पालिकेबरोबरचे नाते सुरू झाले ते एका साध्या ओळखपत्रापासून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात कचरावेचकांच्या ओळखपत्रावर आपली मोहोर उमटवली. ओळखपत्राने पोट भरत नाही, हे खरे, पण पोलिसाने हटकल्यावर पुढे करायला एक कागद हाती आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘ही बाई काम करते आहे’ असे एका सरकारी यंत्रणेने पहिल्यांदा लिहून दिले. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला, की एक कचरावेचक आपल्या श्रमाने महापालिकेचा महिन्याला सुमारे २४६ रुपयांचा खर्च वाचवते आणि त्याबद्दल तिला पालिकेकडून काही मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. तोवर चर्चा ‘बिचाऱ्या बायकांसाठी काहीतरी केले पाहिजे’ अशी चालत असे. या आकड्याने पालिकाच त्यांची देणेकरी ठरली. त्यानंतर दोनेक वर्षांतच पालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून त्यांचा आरोग्यविमा उतरवायला सुरुवात केली.

दारोदार कचरा गोळा करण्याचा प्रायोगिक उपक्रम २००६ च्या सुमारास झाला. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सेवा सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. संस्थेच्या सभासद स्वतः कचरावेचकच, आणि तिच्या संचालक मंडळात पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही जागा होती. ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च आणि वस्त्यांमधल्या सेवेसाठी लागणारे अनुदान पालिकेने द्यायचे, घरोघर जाऊन वर्गीकृत कचरा घ्यायचा तो सभासदांनी, आणि त्यांचे शुल्क घरांनी थेट त्यांच्या हातात द्यायचे, अशी एकूण रचना. सुक्या कचऱ्यातून जे विकले जाईल त्याचा पैसा ज्याचा त्याचा. आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक या व्यवस्थेत काम करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे पैसे पालिकेने सफाईपट्टीतूनच का दिले नाहीत? या रचनेतली खुबी मला ताईंबरोबर फिरल्यावर कळली.

आमच्या ताई सकाळी साडेसहाला निघतात. त्यांच्याकडे आमच्यासारख्या काही इमारती आणि मागच्या बाजूची थोडी बैठी घरे आहेत. प्रत्येक मजल्यावर जाऊन ओल्या कचऱ्याची एक आणि सुक्याची एक अशा दोन बादल्या त्या रिकाम्या करतात, खाली आणून ढकलगाडीत टाकतात, आणि फेरी संपली की रस्त्याच्या कडेला ठरलेल्या जागी बसून सुका कचरा निवडतात. पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळे, काच वेगळी. ओला कचरा आणि निवडून उरलेला निरुपयोगी भाग त्या ‘फीडर पॉइंट’वर, म्हणजे पालिकेची गाडी ठरल्या वेळी येते तिथे, देऊन टाकतात. तिथून तो कचरा रॅम्पवर, म्हणजे कचरा हस्तांतरण केंद्रावर, आणि पुढे प्रक्रियेला जातो. गाडी उशिरा आली तर ताई तिथेच थांबतात. मी बरोबर असताना एकदा सव्वा तास थांबल्या. त्या सव्वा तासाचे पैसे कोणत्याच हिशेबात नसतात.

या फेरीत एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या इमारतीतून जितका कचरा कमी निघेल आणि जितका नीट वेगळा केलेला मिळेल तितके ताईंचे काम हलके होते, आणि त्यांचे शुल्क मात्र तेवढेच राहते, कारण ते घरामागे आहे, वजनामागे नाही. पुठ्ठा कोरडा मिळाला तर भंगारवाला भाव चांगला देतो. याच्या उलट, कित्येक शहरांत ठेकेदाराला वाहून नेलेल्या टनामागे पैसे मिळतात. त्याला कचरा कमी होण्यात काडीचाही रस असण्याचे कारण नाही. उलट ओल्या कचऱ्यात पाणी आणि राडारोडा असेल तर त्याचे बिल फुगते. राडारोडा मिसळून वजन वाढवल्याचे आरोप मुंबईत झालेलेच आहेत. टनामागे पैसे देणारे शहर एका हाताने ‘कचरा कमी करा’ असे फलक लावते आणि दुसऱ्या हाताने कचरा वाढवणाऱ्याला बक्षीस देते. घरामागे शुल्क आणि भंगारावर हक्क, ही पुण्याची जोडी या दोन हातांत मेळ घालते. पर्यावरणाच्या दृष्टीने या भागीदारीचे सगळे मोल मला या एका बारकाव्यात दिसते.

शिवाय शुल्क थेट हातात असल्यामुळे पालिकेचे बिल सहा महिने थकले तरी ताईंची चूल पेटते. ठेकेदाराकडे असलेल्या सफाई कामगारांचे पगार बिल अडकले म्हणून थांबल्याच्या बातम्या आपण दर दिवाळीला वाचतो. अर्थात या थेट देण्याची दुसरी बाजू अशी, की ताईंना दर महिन्याला घरोघर पैसे मागत हिंडावे लागते. ‘पुढच्या महिन्यात घ्या’, ‘साहेब घरी नाहीत’, ‘आम्ही आठ दिवस गावाला होतो, तेवढे कापा’ ही वाक्ये मी स्वतः ऐकली. केबलवाल्याला किंवा वर्तमानपत्रवाल्याला यातले एकही वाक्य कोणी ऐकवत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला उरुळी देवाची आणि फुरसुंगी आहे. पुण्याचा कचरा कित्येक दशके तिथल्या डेपोवर ओतला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, माश्यांनी आणि वासाने घरात बसवेना, आणि गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली, त्यानंतर गावकऱ्यांनी गाड्या आत येऊ दिल्या नाहीत आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ शहर आपल्याच कचऱ्याकडे पाहत बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही दोन्ही गावे आणखी नऊ गावांबरोबर महापालिकेच्या हद्दीत आली, ती २०२४ मध्ये पुन्हा वगळली गेली. शहराच्या शाश्वततेची चर्चा करताना भागीदारांच्या यादीत उरुळीचे नाव कधीच नसते, आणि तरी इतकी वर्षे सर्वांत मोठी किंमत मोजली ती त्याच गावाने. पालिकेला कचरा जिरवण्याचे आणि वर्गीकरणाचे महत्त्व पटले ते चर्चासत्रांमुळे किती आणि उरुळीच्या रस्त्यावर अडलेल्या गाड्यांमुळे किती, याचे माझे उत्तर वाचकांनी ओळखले असेल.

सर्व भागीदार एका टेबलाशी बसले म्हणजे काय होते, याचा एक चांगला नमुना कात्रजचा आहे. २०१० नंतर तिथल्या प्रभागात ‘शून्य कचरा प्रभाग’ हा प्रयोग झाला. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘जनवाणी’ ही संस्था, कमिन्स ही कंपनी, ‘स्वच्छ’ आणि महापालिका, असे चौघे त्यात होते. घरोघर जाऊन समजावणे, वेळा ठरवणे, ओल्या कचऱ्यावर शक्यतो जवळच प्रक्रिया करणे, असे त्याचे स्वरूप. कंपनीचे कर्मचारी सुटीच्या दिवशी लोकांच्या दारी जाऊन ओला-सुका समजावत होते, हे मला विशेष वाटते. मात्र असा प्रयोग एका प्रभागात यशस्वी करणे वेगळे आणि तो सगळ्या शहरात, प्रभागामागून प्रभाग, माणसे बदलली तरी चालू ठेवणे वेगळे. पहिल्यासाठी उत्साह पुरतो, दुसऱ्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद लागते. आपल्याकडे फीत पहिल्याची कापतात.

इथवर सगळे गोडच लिहिले, आता जे खुपते ते. २००८ चा करार २०१३ मध्ये संपला. नवा करार व्हायला २०१६ उजाडले. मधल्या काळात सेवा चालूच होती, कारण कचरा कराराची वाट पाहत नाही. दुसरा करार २०२० च्या अखेरीस संपला, तेव्हा कोरोनाचे वर्ष सरत होते आणि ज्या बायकांनी टाळेबंदीत एक दिवस खाडा न करता दारोदार जाऊन कचरा उचलला होता, त्यांचा करार महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतवाढीवर रेटला जाऊ लागला. त्याच वेळी शहरभराचे काम एखाद्या ठेकेदाराला देण्याच्या चर्चा सुरू होत्या, आणि कचरावेचक बायकांना पुन्हा पुन्हा महापालिकेच्या दारात उभे राहावे लागत होते. १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्यामुळे पुढची काही वर्षे पालिका प्रशासकाच्या हाती गेली. स्थायी समितीत भांडायला जो एक हक्काचा माणूस असायचा, तोही गेला. नगरसेवकांविषयी मला फार ममत्व आहे असे नाही, पण आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे पालिकेच्या सफाई विभागाच्या स्थानिक कचेरीतल्या, मुकादमाने गाडी वेळेवर पाठवली नाही तर ताई प्रभागातल्या नगरसेवकाकडे जाऊ शकत. प्रशासकाकडे कोण जाणार?

त्या मुदतवाढीच्या कागदांशेजारी पालिकेच्या दुसऱ्या भागीदाऱ्या ठेवून पाहिल्या की फरक डोळ्यांत भरतो. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. मुंबई शेअर बाजारात त्याचा मोठा समारंभ झाला. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार केला, परतफेडीची मुदत चाळीस वर्षे. त्या प्रकल्पातली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहायला सुरुवात होण्यातच कित्येक वर्षे गेली, तरी करार कोणी महिन्या-महिन्याच्या मुदतवाढीवर ठेवला नाही. शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या ताफ्यातल्या विजेवरच्या बसगाड्या २०१९ पासून खासगी कंपनीकडून भाड्याने घेतल्या आहेत. तिथेही किलोमीटरमागे दर आणि अनेक वर्षांचा करार लिहिलेला आहे, कारण त्याशिवाय कोणी बँक बससाठी कर्ज देणार नाही. ज्या भागीदाराने पैसा आणला त्याला दहा वर्षे, चाळीस वर्षे, आणि जिने आणले ते फक्त दोन हात, तिला पुढच्या महिन्याचा भरवसा नव्हता. भांडवल पळून जाईल या भीतीने त्याला कागद मिळतो. श्रम कुठे पळणार, ते उद्या सकाळी साडेसहाला पुन्हा दारात उभे असणार, हे पालिकेला आणि आपल्याला पक्के ठाऊक असते.

माझी या सगळ्यावरची तक्रार एवढीच आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. मुदतीची खात्री नसेल तर काय होते, हे आमच्या ताईंच्या ढकलगाडीवर दिसते. चाक मोडले होते, ते दोरीने बांधले होते. मी विचारले, ‘नवीन गाडी का मागत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘दादा, करार झाला की येतील म्हणतात.’

भागीदारांच्या या मांडणीत आणखी एक पक्ष आहे, वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांचा. तो बराच काळ टेबलाशी बसलाच नव्हता. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर हे कचऱ्यात उघडे येत आणि सुका कचरा निवडताना ते हाताने बाजूला करावे लागत. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या सभासदांनी वापरलेले पॅड गोळा करून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिले, तुमचा माल तुम्हीच सांभाळा म्हणून. निषेधाचा इतका नेमका आणि इतका विनोदी प्रकार पुण्यातच सुचावा! पुढे २०१७ मध्ये ‘लाल ठिपका’ मोहीम आली. हा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला न उघडता कळेल. पैशांच्या दृष्टीने फुकट, आणि हातांच्या दृष्टीने फार मोठे काम. आमच्या इमारतीत अठ्ठावीस घरे आहेत. मी सूचनाफलकावर लिहून लावले, व्हॉट्सअॅपच्या गटावर तीनदा टाकले, आणि आजच्या घडीला लाल ठिपका काढणारी घरे सात आहेत. आठवे माझे आहे, तेही पत्नीने चार गोष्टी सुनावल्यानंतर सामील झाले.

वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांचा प्रश्न असाच आहे. त्यांना भंगारात भाव नाही, म्हणून ती निवडायला कोणाला परवडत नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, तेव्हापासून काही कंपन्या ती गोळा करण्यासाठी पैसे मोजू लागल्या. बाजारात भाव नसलेल्या गोष्टीला नियमाने भाव आला की ती उकिरड्यावर पडून राहत नाही, हे साधे गणित आहे. पण ते पैसे मधल्या मध्ये न थांबता निवडणाऱ्या हातापर्यंत पोचतात का, हे दर वेळी विचारावे लागते.

राहता राहिले आपण, म्हणजे सोसायट्या. महापालिका गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक असल्यास सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सवलत देते. ही पालिकेची नागरिकांबरोबरची भागीदारीच म्हणायची. आम्ही ही सवलत कित्येक वर्षे घेत आलो. सचिव झाल्यावर मी पहिल्यांदा मागच्या बाजूचा गांडूळखताचा हौद उघडून पाहिला, तर आत दोन मोडक्या खुर्च्या, जुने गेट आणि एका सभासदांच्या नातवाची तीनचाकी सायकल होती. गांडुळांनी केव्हाच स्थलांतर केले होते. पालिकेने दिलेली सवलत आम्ही खाल्ली आणि आमचा ओला कचरा ताईंच्या गाडीत टाकून दिला, म्हणजे ज्या कामासाठी आम्हांला करात सूट मिळत होती ते काम प्रत्यक्षात एक बाई पायी ढकलत नेत होती. सभेत तावातावाने सफाईपट्टीचा हिशेब मांडणाऱ्या आमच्यातल्या कोणालाही हा हिशेब सुचला नव्हता, मलाही नाही.

यंदाच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर मी हा विषय रीतसर घातला. टिपणात वरची माहिती दोन पानांत दिली आणि तीन ठराव मांडले. पहिला, कचरा सेवाशुल्क सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात धरावे आणि महिन्याच्या पाच तारखेला कोषाध्यक्षांनी ते ताईंना एकरकमी द्यावे, म्हणजे त्यांना अठ्ठावीस दारे वाजवावी लागणार नाहीत. दुसरा, हौद साफ करून पुन्हा चालू करावा, आणि तो सहा महिन्यांत चालू न झाल्यास करसवलत नको म्हणून पालिकेला आपणच कळवावे. तिसरा, ताईंना कचरा निवडायला पार्किंगमधल्या शेवटच्या दोन दुचाकींची जागा आणि तिथे पाण्याचा एक नळ द्यावा.

पहिला ठराव एकमताने मंजूर झाला. प्रश्न विचारणाऱ्या त्या निवृत्त सभासदांनीच त्याला अनुमोदन दिले. दुसरा बहुमताने मंजूर झाला, पण करसवलत सोडण्याचे वाक्य काढून टाकून. तिसऱ्यावर पाऊण तास चर्चा झाली. नळाला कोणाचा विरोध नव्हता. दोन दुचाकी कोणाच्या हलवायच्या, यावर एकमत होईना, म्हणून तो विषय पुढच्या बैठकीत रंगकामाच्या दरपत्रकांबरोबर घेण्याचे ठरले आहे.